पप्पा स्टेबल आहेत

‘खेळाडू जागेवर नसला, तरी ही व्यवस्था जतन करत राहते. समजून-उमजूनच बसवावी.’

अशी सूचना माझ्यासमोर पडद्यावर आली होती. खाली दोन बटणं होती, ‘वाचले, समजले’ आणि ‘रद्द’. मी पहिलं दाबलं. माझ्या अडीच वर्षांच्या लेकीला, मैत्रीला, मागे पुरळ उठलं होतं, तेव्हा मलमाच्या खोक्यातला कागद मी दोन्ही बाजूंनी तीनदा वाचला होता. तो कुठल्या गावात छापला तेही मला माहीत होतं. ही सूचना मात्र कुणाच्या अंगाला लावायची नव्हती, त्यामुळे मी ती ‘समजले’वर मिटवली.

प्रकरण असं. माझे सासरे सहदेव वाघमारे हे सरकारी अभिलेख कक्षातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. राहणार पंतनगर, घाटकोपर. मी आणि माझा नवरा प्रबुद्ध मुलुंडला. मधे चार स्टेशनं. सासूबाई, म्हणजे वनमालाबाई, माझ्या नणंदेच्या, नीलमच्या, बाळंतपणासाठी सहा महिने बेंगळुरूला गेल्या. जाताना त्यांनी डब्यांना नावांच्या चिठ्ठ्या लावल्या, गॅसची टाकी बदलून घेतली आणि मला एकच काम दिलं. सकाळ-संध्याकाळ फोन कर गं, म्हणाल्या, ह्यांना एकट्याने बोलायची सवय नाही.

पप्पांचा वेळ जावा म्हणून प्रबुद्धने त्यांना आपला जुना संगणक नेऊन दिला आणि त्यात एक खेळ टाकला. खेळात एक राज्य, एक घोडा, एक तलवार आणि डोंगरात एक ड्रॅगन. आपण त्या राज्यातला कुणीतरी व्हायचं आणि शेवटी ड्रॅगन मारायचा. मूळ खेळ साधाच होता. प्रबुद्धच्या मित्राने, सुयोगने, त्याला सत्त्याण्णव मॉड लावले. मॉड म्हणजे मूळ खेळाला लोकांनी घरबसल्या शिवलेली ठिगळं. घोड्याला भूक न लागण्याचं ठिगळ, गुहेतल्या पाली हटवण्याचं ठिगळ, भिजलेले कपडे वाळायला खराखुरा वेळ लावणारं ठिगळ. मराठी भाषांतराचंही एक होतं, पण ते कुणा सद्‌गृहस्थाने अर्ध्यावर सोडलेलं. त्याने ‘सेव्ह’चं ‘जतन’ केलं, ‘गेम ओव्हर’चं ‘प्रकरण बंद’ केलं, आणि मग बहुधा त्याला नोकरी लागली. जागांची नावं इंग्रजीतच राहून गेली.

आडनाव वाघमारे असूनही पप्पांनी ड्रॅगनच्या केसाला धक्का लावला नाही. राजवाड्याच्या तळघरात त्यांना पुस्तकांचे अस्ताव्यस्त ढीग सापडले आणि त्यांनी तिथेच बदली करून घेतली. ड्रॅगन डोंगरात वाट बघत बसला. पप्पा ढीग लावत बसले.

पण सत्त्याण्णव ठिगळं एकमेकांशी भांडतात. भांडण विकोपाला गेलं की खेळ न सांगता बंद पडतो. खेळाचं स्वतःचं ऑटोसेव्ह होतं, पण ते फक्त एखाद्या दारातून आत-बाहेर केलं की चालायचं, आणि तळघरात बसलेला माणूस दारातून जातो कशाला? एका दुपारी तीन तास लावलेली पुस्तकं पुन्हा जमिनीवर आली. पप्पांचा फोन आला. “रश्मी, जयभीम. माझं काम गेलं.” निवृत्त होतानासुद्धा ते इतके हळू बोलले नव्हते.

प्रबुद्ध मीटिंगमध्ये होता. तो आठवड्यातले पाच दिवस मीटिंगमध्ये आणि दोन दिवस मीटिंगमधून आल्यासारखा असतो. त्यामुळे स्वयंजतन खातं माझ्याकडे आलं. तसंही घरातलं लक्ष ठेवण्याचं काम माझ्याचकडे. मैत्रीच्या पलंगावर कॅमेरा आहे. पाळणाघराचं ॲप दर तासाला तिचं दूध, झोप आणि शी कळवतं. तिला शी झाल्याचं कधीकधी तिच्या आधी मला कळतं. असं खातं चालवणाऱ्या बाईला दर दहा मिनिटांनी एक खेळ वाचवणं म्हणजे काय!

मी अठ्ठ्याण्णवावं ठिगळ लावलं. नाव ‘अखंड जतन’. अंतर दहा मिनिटं. जुनं जतन पुसायचं नाही. प्रत्येक जतनाची एक प्रत आमच्या घरच्या संगणकावर आणि एक सूचना माझ्या फोनवर. संगणक झोपी गेला की जतन बिघडतं असं कुणीतरी लिहिलं होतं, म्हणून मी संगणकाची झोपच बंद केली. आईपण आल्यावर हे करायला मला फारसा विचार करावा लागला नाही.

आठवड्याभरात पप्पांचं पत्र आलं. व्हॉट्सॲपवर, पण पत्रच.

‘प्रति, सौ. रश्मी वाघमारे. विषय : स्वयंजतन नस्त्यांचे वर्गीकरण करणेबाबत. संदर्भ : आपला कालचा दूरध्वनी. महोदया, उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, आजअखेर चारशे अकरा जतने जमा झाली असून एकाही जतनास नाव नाही. सबब सहा गठ्ठा पद्धत लागू करण्यास मान्यता असावी.’

सरकारी टेबलावरच्या नस्त्यांचे, म्हणजे फायलींचे, सहा गठ्ठे करतात, हे मला लग्नानंतर कळलं, कारण सासरी वर्तमानपत्रांचेही होतात. चालू प्रकरणांचा प्रलंबित गठ्ठा. दुसऱ्याच्या उत्तरासाठी थांबलेल्यांचा प्रतीक्षाधीन गठ्ठा. मग नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणं, आणि शेवटी नाश करायचे कागद. शिवाय प्रत्येक कागदाला वर्ग. ‘अ’ म्हणजे कायम ठेवा, ‘ब’ तीस वर्षं, ‘क’ त्याहून कमी आणि ‘ड’ म्हणजे वर्षभरात फाडा. मी मान्यता दिली. पप्पांनी घोडा घेतला त्या दिवसाचं जतन ‘अ’त गेलं. तळघराचा पहिला कप्पा लागला ते ‘ब’त. बाजारहाट ‘क’त. आणि ज्या जतनात ते नुसते कुठेतरी उभे होते, ती सगळी ‘ड’त. शेऱ्याच्या रकान्यात ते लिहायचे, ‘उभा होतो. काही घडले नाही.’

वर्षाचं धोरण त्यांनी जागेअभावी आठवड्यावर आणलं. ‘ड’ वर्गाचा नाश एकट्याने करता येत नाही, दोन साक्षीदार लागतात. म्हणून दर रविवारी अकरा वाजता व्हिडिओ कॉलवर पप्पा इस्त्रीचा शर्ट घालून बसत आणि मी व प्रबुद्ध साक्षीदार म्हणून ‘होय’ म्हणत असू. मैत्रीसुद्धा ‘होय’ म्हणायची. तिची सही वयाने अज्ञान म्हणून धरली गेली नाही.

आता फोनचं सांगते. सकाळ-संध्याकाळच्या फोनला प्रत्येकी पंचवीस मिनिटं लागत. पप्पा जयभीम घालत, मैत्रीची चौकशी करत, मग तळघरातल्या पुस्तकांवर येत, तिथून स्वतःच्या जुन्या साहेबांवर, तिथून शेवग्याच्या शेंगा आताशा कडू का लागतात यावर. मी एका हाताने वरण घोटत हूं-हूं करायची. आणि नेमकं त्याच वेळी फोन थरथरायचा. ‘जतन झाले.’ मला एकदम वाटलं, आपण करतोय काय? मी ज्या गोष्टीची खात्री करायला पंचवीस मिनिटं घालवतेय, ती दर दहा मिनिटांनी आपल्या पायांनी चालत माझ्याकडे येतेय.

प्रबुद्धला सांगितलं तर तो खूश झाला. “सरकारसुद्धा हयातीचा दाखला वर्षातून एकदा मागतं. आपल्याला दिवसात साठ मिळतात. कोणाच्या सासऱ्याचं एवढं डॉक्युमेंटेशन आहे, सांग.”

संध्याकाळचा फोन आधी बंद झाला, मग सकाळचा. सासूबाई बेंगळुरूहून विचारायच्या, बोललीस का? मी सांगायची, हो आई, आत्ताच जतन झालेत. सूचनेत ठिकाणही यायचं. बहुतेक वेळा लिहिलेलं असायचं, ‘ठिकाण : इन’. सासूबाईंना बरं वाटायचं, म्हणायच्या, घरातच आहेत ना, मग झालं. खेळात ‘इन’ म्हणजे वाटसरूंनी मुक्काम करायची सराई होती. पण एवढ्या बारीक चौकशीची कुणाला गरज वाटली नाही.

पप्पा रात्री दहाला संगणक बंद करायचे आणि सकाळी अकरा-साडेअकराला लावायचे. त्यामुळे रात्रीपासून तेरा तासांची एक पोकळी पडायची आणि मला झोप यायची नाही. एवढ्या वेळात माणसाला काहीही होऊ शकतं, आणि पुरावा शून्य. मी त्यांना संगणक चालूच ठेवायला सांगितलं. ते म्हणाले, अगं, मी झोपलेला असताना तो काय जतन करेल? मी म्हटलं, पप्पा, माझ्या समाधानासाठी. त्यांनी ‘आदेशाप्रमाणे’ असं उत्तर पाठवलं. दुसऱ्या दिवसापासून चोवीस तासांत एकशे चव्वेचाळीस हयातीचे दाखले येऊ लागले आणि मी गाढ झोपू लागले.

प्रबुद्धने एक तक्ता केला. जतन वेळेवर आलं की हिरवा चौकोन, नाही आलं की लाल. तो त्याने घरच्या ग्रुपवर टाकला. नीलमने प्रसूतीच्या खोलीतून तीन लाल हृदयं पाठवली आणि आपल्या सासू-सासऱ्यांसाठी असंच काही होईल का ते विचारलं.

इथवर प्रकरण घरात होतं. मग ते आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी नंदकिशोरकाका यांच्या कानावर गेलं. आमच्या इमारतीत एकटे राहणारे चौदा ज्येष्ठ नागरिक आहेत. सगळे घरात कोंडले गेले होते त्या वर्षीपासून इथे एक पद्धत होती. संध्याकाळी पाळीपाळीने एकाने त्या चौदा दारांवर टकटक करायची, आतून ‘आहे रे’ ऐकायचं आणि पुढे जायचं. पाळी टाळण्यासाठी लोक काय काय करत, ते लिहायचं तर वेगळी वही लागेल. विशेष सर्वसाधारण सभेत ठराव आला. ‘दार वाजविण्याची पद्धत व्यक्तिनिष्ठ असून तिची नोंद राहत नाही. सबब ती रद्द करून ज्येष्ठ नागरिक स्वयंजतन योजना राबविण्यात यावी.’ सूचक नंदकिशोरकाका. अनुमोदक मी. टाळ्या वाजल्या. पाळी असलेल्यांनी जास्त वाजवल्या.

चौदा घरांत खेळ बसला. तळमजल्यावर, सूचनाफलकाशेजारी, एक पडदा लागला आणि त्यावर चौदा हिरवे चौकोन. नवीन सून बघायला आलेल्या पाहुण्यांना लोक आधी तो दाखवू लागले. परिपत्रक निघालं, ‘ज्येष्ठांनी दिवसातून किमान एकदा गुहेत जाऊन यावे.’

पंधराव्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या नीलाताईंचा चौकोन काळा झाला आणि खाली अक्षरं आली, ‘प्रकरण बंद’. नीलाताई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, वय ब्याऐंशी, दात स्वतःचे. नंदकिशोरकाकांनी नियमानुसार फलकावर शोकसूचना लावली आणि ध्वज नव्हता म्हणून क्लबहाउसचा पंखा अर्ध्यावर केला. अर्ध्या तासाने नीलाताई भाजीची पिशवी घेऊन लिफ्टमधून उतरल्या, चष्मा पुसून सूचना वाचली आणि कार्यालयात गेल्या. मी तिथे शेजारीच होते.

“नंदू, मी मेले नाहीये. लांडगा चावला.”

“ताई, तुम्ही दिसताय हे मला मान्य आहे,” काका म्हणाले, “पण सिस्टिममध्ये तसं नाही. अर्ज द्या. शेवटच्या जतनापासून तुम्हाला परत सुरू करता येईल.”

“कुठलं शेवटचं?”

“मंगळवारचं.”

“मंगळवारी माझी कंबर धरली होती. मला बुधवारपासून सुरू कर.”

सगळे हसले. मीही हसले. अर्ज मीच लिहून दिला.

हे सगळं चाललं होतं तेव्हा पप्पांशी बोलून मला एकोणीस दिवस झाले होते. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. असा आकडा कुणी कळवत नाही, त्याला सूचना येत नाही. रविवारच्या नाशसभेत ते दिसायचे, पण तिथे कामकाजाखेरीज बोलायची प्रथा नव्हती. शेवटच्या सभेत ‘अन्य विषय’ या सदराखाली ते म्हणाले होते की थोडी कणकण वाटते. प्रबुद्धने ते नोंदवून घेतलं.

बुधवारी सकाळी दहाच्या सुमारास सूचना आली, ‘जतन झाले. ठिकाण : स्टेबल.’

मी वाचली आणि छान वाटलं. कणकण होती ना, बरं झालं. दहा मिनिटांनी पुन्हा स्टेबल. दुपारी स्टेबल. रात्री स्टेबल. गुरुवारी सासूबाईंचा फोन आला, ह्यांना दोनदा लावला, उचलला नाही. मी त्यांना सूचना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, स्टेबल म्हणजे ते दवाखान्यात म्हणतात तसंच ना? मी म्हटलं, हो आई, अगदी तसंच, काळजीचं कारण नाही. प्रबुद्धने ग्रुपवर टाकलं, ‘पप्पा स्टेबल आहेत’. नातेवाइकांचे चौदा अंगठे आले.

त्याच दोन दिवसांत एका अनोळखी नंबरवरून मला फोन येत होते. बुधवारी तीन, गुरुवारी चार. फोनमधलं ॲप सांगत होतं, ‘बहुधा विमा’. मी लक्ष ठेवणारी बाई आहे, अनोळखी नंबर उचलत नाही. मी तो नंबर ब्लॉक करून टाकला.

रविवारी अकराला आम्ही साक्षीदार हजर झालो. पप्पा आले नाहीत. अकरा पाच झाले. सरकारी नोकरीच्या चौतीस वर्षांत हजेरीपटावर ज्यांच्या नावापुढे उशिराची लाल रेघ पडली नाही, ते अकरा पाचला नव्हते. प्रबुद्ध म्हणाला, आराम करत असतील, तक्ता बघ ना, सगळं हिरवं आहे.

पप्पांना फोन लावला. बंद.

मी आमच्या संगणकावर पप्पांचं शेवटचं जतन उघडलं. आजवर मी सूचना वाचल्या होत्या, जतन कधी उघडलं नव्हतं. पडद्यावर पाऊस पडत होता. एका लाकडी छपराखाली, गवताच्या भाऱ्यांमधे, घोड्याच्या लगामाला हात लावून पप्पांचा माणूस उभा होता. छपरावर पाटी होती. ‘स्टेबल’. घोड्यांचा तबेला.

मी त्याच्या आधीचं उघडलं. तबेला. शनिवारचं उघडलं. तबेला. गुरुवार, बुधवार. तोच हात, तोच लगाम. फक्त आभाळ बदलत होतं. बुधवारी दहापासून पाचशे ब्याऐंशी जतनं झाली होती आणि एकाही जतनात पप्पा नव्हते.

“अरे, स्टेबल म्हणजे तबेला,” मी म्हटलं.

प्रबुद्धने तक्ता उघडला. मग म्हणाला, “पण चौकोन हिरवा होता गं.”

मैत्रीला त्याच्या कडेवर दिलं आणि जी पहिली रिक्षा मिळाली तिच्यात बसलो. भांडुपला सिग्नल लागला तेव्हा फोन थरथरला, ‘जतन झाले. ठिकाण : स्टेबल’. विक्रोळीला पुन्हा. माझ्या आयुष्यात इतकी विश्वासू यंत्रणा दुसरी झाली नाही.

पंतनगरला दाराला बाहेरून कुलूप. आतून संगणकाच्या पंख्याची घरघर ऐकू येत होती. मी दारावर हात आपटला, जो गेल्या तीन आठवड्यांत आपटायला हवा होता. शेजारचं दार उघडलं. सुंदरामावशी बाहेर आल्या, हातात डबा. दोन वर्षांपूर्वी त्या इथे राहायला आल्या, पप्पांना अधूनमधून चटणी देतात. एवढी माहिती आमच्याकडे होती. त्यांचा नंबर नव्हता.

“आलीस का गं बाई,” त्या म्हणाल्या, “चार दिवस झाले, मी तुला फोन करून करून दमले. तू कापतेस.”

मी म्हटलं, मावशी, तो तुमचा नंबर होता?

“मग कुणाचा असणार? त्यांना फक्त तुझाच पाठ येतो. मुलाचा नाही येत. तापात बडबडले तोसुद्धा तुझाच.”

बुधवारी सकाळी पप्पांना हुडहुडी भरली. खेळ तसाच सोडून ते पाणी गरम करायला उठले आणि दारापर्यंतच पोचले. मावशी चटणी द्यायला आल्या, तर ते दाराशी पडलेले. डेंग्यू निघाला. मावशींनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, फॉर्मवर ‘नातं’ या रकान्यात ‘शेजारीण’ लिहिलं, आणि चार दिवस दोन्ही वेळचा डबा नेला. पप्पांचा फोन संगणकाशेजारीच राहिला आणि तिथेच त्याचा जीव गेला. संगणकाचा गेला नाही, कारण त्याची झोप मी बंद केली होती.

वॉर्डात गेलो तेव्हा डॉक्टरीणबाई कागद बघत होत्या. त्यांनी वर न बघता विचारलं, तुम्ही कोण? प्रबुद्ध म्हणाला, मुलगा. मी म्हटलं, सून. मैत्री म्हणाली, होय.

“पेशंट आता स्टेबल आहे,” त्या म्हणाल्या.

तो शब्द गेल्या चार दिवसांत पहिल्यांदा खरोखर माणसाबद्दल वापरला गेला. मला तिथे, वॉर्डात, औषधाच्या गाडीला धरून रडू आलं, आणि डॉक्टरीणबाईंना कळेना की चांगल्या बातमीवर हे काय.

पप्पा उशीला टेकून बसले होते. गालफडं आत गेलेली, हाताला सलाईन, तरी केस विंचरलेले. त्यांनी जयभीम घातला. मग विचारलं, खेळ बंद नाही ना पडला? मी म्हटलं, नाही पप्पा, सगळं जतन आहे. त्यांनी समाधानाने मान हलवली.

“चार दिवस नुसता पडून होतो,” ते म्हणाले, “काही घडलं नाही. ‘ड’ वर्गात टाक.”

मग मैत्रीचा पाय हातात घेऊन, तिच्याकडे बघत, अगदी सहज, म्हणाले, “फोन येईना, तेव्हा मी काही बोललो नाही. म्हटलं, आपलं प्रकरण प्रतीक्षाधीन आहे. उत्तर येईपर्यंत वरिष्ठांना स्मरणपत्र पाठवायचं नसतं.”

मी त्यांचा हात धरला. खेळातल्या त्या माणसाने घोड्याचा लगाम धरला होता ना, तसा.

पप्पा आता आमच्याकडे आहेत. पाच दिवस झाले. रोज पंचवीस मिनिटांऐवजी दिवसभर बोलतात, शेवग्याच्या शेंगांवर तर फारच. ‘अखंड जतन’ मी काढून टाकलं. चालू खेळातलं ठिगळ मधेच काढू नये, सगळा खेळ बिघडतो, अशी सुयोगची सूचना होती. तीसुद्धा मी ‘समजले’ म्हणून मिटवली, पण या वेळी मुद्दाम. खेळ बिघडला. तळघरातली पुस्तकं सगळी पुन्हा जमिनीवर आली. पप्पा म्हणाले, उत्तम, कामाला लागतो. ती पाचशे ब्याऐंशी जतनं मात्र मी पुसू दिली नाहीत. ‘अ’ वर्ग, कायम. शेऱ्यात मी माझ्या हाताने लिहिलं, ‘तबेल्यात कोणी नव्हते.’

नंदकिशोरकाकांना भेटून योजना बंद करा म्हटलं. त्यांनी मला पडद्याकडे बोट दाखवलं. म्हणाले, रश्मी, भावनेच्या भरात नको, चौदाच्या चौदा हिरवे आहेत, ठराव मागे घ्यायचा तर वार्षिक सभा लागेल, आणि अनुमोदक तूच होतीस. म्हणून काल संध्याकाळी मी एकटीच निघाले. चौदा दारं वाजवली. तेरा दारांतून ‘आहे रे’ आलं. चौदाव्या दारातून नीलाताई स्वतः बाहेर आल्या आणि इतके दिवस कुठे होतीस म्हणून मला उंबऱ्यातच पाच मिनिटं उभं केलं. इतका छान ओरडा खाऊन बरीच वर्षं झाली होती.

आता तुमचं. आमच्या सोसायटीला हसून झालं असेल, तर आपला फोन जरा वर घ्या. तुमच्या यादीतही कुणीतरी एक असेल. रोज सकाळी फुलाचं चित्र आणि ‘शुभ प्रभात’ पाठवणारं. तुम्ही त्याला उत्तर म्हणून काय पाठवता? अंगठा. मराठीत अंगठा दाखवणं कशाला म्हणतात, ते तुम्हाला मी सांगायला नको.

ते फूल आज आलंय का, ते बघू नका. फुलं आपोआप पाठवणारी ठिगळंही निघाली आहेत, आमच्या नंदकिशोरकाकांनी कालच एक बसवून घेतलं. हे पान असंच उघडं राहू द्या, हवं तर जतन करा. चप्पल घाला, जाऊन त्यांचं दार वाजवा, आणि आतून आवाज येईपर्यंत तिथून हलू नका.